धाकटीच्या पापण्या

माझ्या धाकट्या जावेला सकाळी काहीही होत नसे. हीच तिची अडचण होती.

मुलांनो, तुमच्यापैकी जी औषधशास्त्र शिकते आहे तिने परवा फोनवर विचारलं, "आजी, निकोटिनिक रिसेप्टर हा शब्द तुला कसा माहीत?" तिला वाटलं, वर्तमानपत्रात वाचला असेल. तसं नाही. तो मी सांगलीत एका डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून ऐकला, १९७६ च्या सुमारास. ज्या कामासाठी मी तिथे गेले होते ते मात्र मला शोभणारं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, म्हणून लिहून काढते.

आमचं घर कोरेगावपासून चार मैलांवर. उसाची जमीन, दोन विहिरी, गोठ्यात पाच जनावरं. शेती तुमचे आजोबा बघत. धाकटे दीर फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येत. घरात सासूबाईंचा शब्द चाले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. मी सांगलीची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे घरात आलेलं पत्र वाचायचं आणि जाणारं पत्र लिहायचं हे माझं काम. धाकटी तासगावकडची, वडिलांची द्राक्षबाग. सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले तीन महिने सोडले तर नवरा सरहद्दीवरच होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्या उन्हाळ्यात ती बदलली. पहाटे उठून विहिरीवरून दोन घागरी आणायची, शेणघाण काढायची, गाणं गुणगुणायची. दुपार कलली की भिंतीला टेकायची. धुण्याचा पिळा तिच्या हातून सुटायचा. संध्याकाळी तर बोलणं नाकातून यायचं, सर्दी झाल्यासारखं. आत्याबाई विचारायच्या, "आगं, सकाळी तर घोड्यावानी पळत हुतीस, आन आता काय झालं?" हनुवटीला हात लावून ती बसून राही.

त्याहून वाईट म्हणजे तिचं बघणं. आमच्या घरात सुनांनी डोक्यावरचा पदर पुढे घेऊन, मान खाली घालून वावरायचं. धाकटी संध्याकाळी मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघायची. आत्याबाईंकडेही तशीच.

"कशी तोंड वर करून बघतीया बघ," आत्याबाई मला म्हणाल्या. "बागायतदाराची लेक ना! आमी हिच्या डोळ्यात भरत न्हाई."

मलाही ते बघणं खटकत होतं. पदर कपाळावर ओढलेला असल्यामुळे तिच्या पापण्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पापणी अर्धी मिटली की माणसाला मान वर करूनच बघावं लागतं, हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही.

त्या दिवसांत आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्या धनगरांतली एक म्हातारी भाकरी मागायला परसात आली. धाकटीने वाढलं. म्हातारीने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "आवं, ह्या लेकीला कवा मण्यार डसली हुती का? डोळं तसं झाल्यात."

आत्याबाईंनी धाकटीला तिथेच पाटावर बसवून तिचे पाय तपासले, हात तपासले. डंख कुठेच नव्हता. त्यांचा संशय उलट वाढला. मण्यार नाही, ताप नाही, दिवस गेलेले नाहीत, मग हे आहे काय? सोंग. माहेरी जायचं असेल, दुसरं काय!

मी शिकलेली होते, म्हणून माझा संशय जरा जास्त व्यवस्थित होता. मी एक वही सुरू केली. चार रकाने आखले: वेळ, काम, काय म्हणाली, काय दिसलं. कुणाला वाचता येऊ नये म्हणून इंग्रजीत लिहायला लागले. सहा वाजता दोन घागरी, तक्रार नाही. अकरा वाजता जात्यावर बसली, दहा मिनिटांत उठली. दुपारी दोन ते तीन झोपली. साडेतीनला ठणठणीत, हसत होती. सहा वाजता हातातून कळशी सांडली. असे सव्वीस दिवस. झोप काढली की बरी होते, यावर मी लाल शाईने खूण केली होती. आजारी माणूस तासाभराच्या झोपेने बरा होतो होय? कामचुकार मात्र होतो.

आणि मग मला वाटलं, सापडली. एका पहाटे मी गोठ्यात गेले तर ती दावणीच्या आड उकिडवी बसून रात्रीची शिळी भाकरी दुधात चुरून भराभर खात होती. आमच्यात पुरुष जेवल्यावर बायका जेवत आणि त्यातही सर्वांत धाकटी सर्वांत शेवटी. रात्री तिच्या ताटात भाकरी तशीच उरायची. आत्याबाई म्हणायच्या, आपल्या घरचं अन्न हिला गोड लागत नाही. आणि इथे ही चोरून खात होती.

मला बघून ती दचकली. "आक्का, सकाळी चावतं," ती म्हणाली. "रातच्याला जबडा चालत न्हाई वं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुमी तर नुसतं बघता."

माझं बघणं तिच्या लक्षात आलं होतं तर. मी वहीत लिहिलं: चोरून खाणे, कबुली.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला बोलावून पत्र लिहायला बसवलं. "लिव त्याला. म्हणावं, तुजी बायकू सोंगाडी हाय. काम दिसलं का पडती. तिला तिच्या बापाकडं पोचवती, तू आल्यावर फुडचं बघू." पुढचं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळत होतं. आमच्या भावकीत एकीला अशीच 'चार दिवस' माहेरी पोचवली होती, ती परत आली नाही, आणि तिच्या जागी दुसरी आली. मी पत्र लिहिलं. चांगलं, मुद्देसूद लिहिलं, वहीतले चार दाखलेही दिले. पाकिटावर पत्ता घातला. फक्त टाकायचं बाकी होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर धाकटी पाणी प्यायली आणि ते पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं. ती गुदमरली. डोळे पांढरे झाले. मी पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे श्वास आला. आत्याबाई म्हणाल्या, "हे आनिक नवीन." पण मी समोर बसले होते आणि मला दिसलं होतं. डोळे मिटायचं सोंग करता येतं. नाकातून पाणी काढायचं सोंग मला तरी माहीत नव्हतं. पत्र मी टाकलं नाही, माझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलं, "आमच्या सांगलीत एक डॉक्टर आहेत. दाखवून आणते."

त्या बराच वेळ दातांना तंबाखूची मिश्री घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा. पर त्याची चिट्टी आण. काय न्हाई असं त्यानं लिवून दिलं की तितनंच तासगावला सोड तिला. हिची ट्रंक बी घिऊन जा."

अशी आम्ही एस.टी.ने निघालो, तिची लोखंडी ट्रंक टपावर. ती खिडकीशी बसली होती. कराडच्या स्टँडवर म्हणाली, "आक्का, डॉक्टरला काय सापडलं न्हाई तर?"

"सापडेल," मी म्हटलं. सापडू नये असं मला वाटत होतं की सापडावं असं, हे मी आज पन्नास वर्षांनीही खात्रीने सांगू शकत नाही. सापडलं तर मी सव्वीस दिवस एका आजारी मुलीवर पाळत ठेवली होती, असं ठरणार होतं.

आम्ही माझ्या माहेरी उतरलो आणि माझी चूक अशी की सवयीप्रमाणे मी सकाळची पहिली वेळ घेतली. सकाळी नऊ वाजता धाकटी टवटवीत होती. डॉक्टर उतारवयाचे, जाड चष्म्याचे. त्यांनी छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली, हात दाबून बघितले. "ताकद चांगली आहे," ते म्हणाले. "नवरा कुठे असतो? सरहद्दीवर? हं." आणि त्यांनी पेन उचललं. ती 'हं' मला कळली. धाकटीलाही कळली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, तिथूनच तासगावला जायचं झालं तर म्हणून बरोबर आणून दाराबाहेर ठेवलेल्या ट्रंकेकडे बघितलं.

मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पेनाला टोपण लावून पहिल्या पानापासून सुरुवात केली. "ही कुणी ठेवली?"

"मी."

"का?"

मी पदर सारखा केला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, पोलीस खात्यात होता का? आमची शिकाऊ मुलंसुद्धा इतकं लिहीत नाहीत." मग धाकटीकडे वळून त्यांनी इंग्रजीचं मराठी करत विचारायला सुरुवात केली. "दुपारी झोपलीस की बरं वाटतं? रात्री घास चावत नाही? पहाटे गोठ्यात..." ते थांबले. "इथे लिहिलंय, चोरून खाल्लंस?"

धाकटीने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त "व्हय," म्हणाली.

डॉक्टरांनी तिला छताच्या पंख्याकडे बघायला लावलं. मान हलवायची नाही, नुसते डोळे वर. मिनिटभर काही झालं नाही. मग उजवी पापणी हळूहळू खाली यायला लागली. "आता मोठ्याने आकडे म्हण," ते म्हणाले. वीसपर्यंत ती नीट म्हणाली, तिशीत आवाज नाकात गेला, पन्नासला शब्द कळेना.

"चार वाजता परत या. झोपू द्यायचं नाही. नदीच्या घाटापर्यंत चालवा, पायऱ्या चढायला लावा."

घाटावर ती माझ्या दोन पायऱ्या पुढे चालत होती. मी एकदा म्हटलं, "वही होती म्हणून बरं झालं." तिने मागे वळूनही बघितलं नाही. वरच्या पायरीवर पोचल्यावर ती म्हणाली, "आक्का, ती तुमी माज्यासाटी ठिवली नव्हती."

चार वाजता तिच्या दोन्ही पापण्या जवळजवळ मिटल्या होत्या. डॉक्टरांनी दंडात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला तिची पापणी उचलली, जणू मागून कुणी दोरी ओढत होतं. मग दुसरी. तिने मान सरळ केली. पदर मागे सरकला होता आणि तिचे डोळे पूर्ण उघडे होते, मोठे, काळेभोर. संध्याकाळच्या वेळी मी ते किती महिन्यांत पाहिले नव्हते! डॉक्टरांनी ड्रॉवरमधून भडंगाचा पुडा काढून तिच्यापुढे धरला. ती कुरकुर चावून खायला लागली आणि खाता खाता रडायला लागली.

डॉक्टर तिला म्हणाले, "घरी ऊस आहे ना? पाणी पाजताना दारं कोण धरतं?"

"थोरलं भावजी."

"मग ऐक. पाटाला पाणी आहे, पण वाफ्याची दारंच बुजली तर वाफा भिजेल का? तुझं तसं झालंय."

मग मला त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ते इथे लिहिते, कारण तुमच्यातली एक परीक्षेला बसणार आहे आणि बाकीच्यांनाही कळावं. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे बारीक फट असते. नस निरोप देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने. फट ओलांडून ते स्नायूच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर बसतं. हा निकोटिनिक रिसेप्टर म्हणजेच दार. पाच प्रथिनांचे तुकडे खांद्याला खांदा लावून गोल उभे असतात आणि मधे भोक असतं. तुकडे पाच असतात हे मला डॉक्टरांनी नव्हे, खूप नंतर तुमच्या आईच्या कॉलेजातल्या पुस्तकाने सांगितलं. रसायनाला बसायला दोन जागा असतात. दोन्ही भरल्या की तुकडे किंचित वळतात, भोक उघडतं, सोडियम आत घुसतो आणि स्नायू आखडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. लगेच दुसरं एक द्रव्य त्या रसायनाचे तुकडे करून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी. निरोगी माणसाकडे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दारं असतात. धाकटीकडे थोडीच उरली होती. एकच काम पुन्हा पुन्हा केलं की नस दर वेळी थोडं कमी रसायन सोडते. आपल्याला ते जाणवत नाही, तिला जाणवे. विसाव्याने साठा भरून येई, म्हणून झोपेनंतर ती हसत असे. इंजेक्शनने काय केलं? रसायन तोडणाऱ्याला अडवलं. रसायन जास्त वेळ टिकलं आणि उरलेल्या दारांना पुन्हा पुन्हा संधी मिळाली.

धनगराच्या म्हातारीचं बोलणं मी सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "ती म्हातारी माझ्यापेक्षा हुशार निघाली. मण्यारीच्या जातीतल्या एका सापाचं विष नेमकं याच दारांवर जाऊन बसतं आणि सुटत नाही. परदेशात त्याच विषाने दारं मोजायला शिकलेत. असल्या रोग्यात ती फार कमी भरतात, हे आत्ता आत्ता कळलंय."

"पण हिला साप चावलेला नाही. हिची दारं कुणी बुजवली?"

"हिच्याच शरीराने. बाहेरून येणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारे राखणदार असतात ना, त्यांना घरच्याच दारांचा संशय येतो. का येतो, ते मला माहीत नाही."

त्यांनी रोगाचं लांबलचक नाव लिहिलं, गोळ्या लिहिल्या, आणि गोळीनंतर अर्ध्या तासाने जेवायचं हे अधोरेखित केलं. श्वास अपुरा वाटला तर तडक निघून यायचं, वाट बघायची नाही, असंही बजावलं.

ट्रंक घेऊन आम्ही परत आलो. आत्याबाईंनी चिठ्ठी उलटसुलट केली. मी दारं, पाट, सगळं समजावलं. या दारांना निकोटिनिक म्हणतात, कारण तंबाखूतलं सत्त्वही त्यांच्यावर बसतं, हे सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"मग हिला मिश्री लावाया दे की! आपोआप उगडतील दारं."

"तसं नाही हो आत्याबाई. उघडतात आणि मग तशीच अडकून बसतात, पुढच्या निरोपाला दाद देत नाहीत."

"माजी कुटं अडाकली चाळीस वर्सात?" त्या म्हणाल्या. पण आजार खरा आहे हे त्यांनी मान्य केलं. आणि संशय लगेच दुसरीकडे वळला. "म्हंजी लगनाआदीच असणार हे. बापानं लपवून गळ्यात बांदली. बोलव त्याला. आपली लेक घिऊन जा म्हणावं."

तीन-चार आठवड्यांनी, बेदाण्याचं काम आटपून, तिचे वडील आले. बाहेरच्या सोप्यात घोंगडीवर अवघडून बसले. सकाळची आठची वेळ. आत्याबाई उंबऱ्यात, तुमचे आजोबा खांबाला टेकून, मी स्वयंपाकघराच्या दारात.

"कवापास्नं हाय हे? देवाची आण घिऊन सांगा," आत्याबाई म्हणाल्या.

"आवं, माज्या बागेत दिस दिस फवारणीचं पानी व्हायची ही. आजारी पोर वाहील का? तुमच्या घरात आल्यावरच झालंय. आता तुमीच सांगा, मी काय समजायचं?" त्यांचाही संशय होताच. आम्ही पोरीला काही खाऊ घातलं की काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते उठले. "चल गं, ट्रंक काड."

धाकटी आतून आली. ट्रंक नाही, हातात एक पाकीट. "म्या येत न्हाई, आबा," ती म्हणाली, खणखणीत आवाजात. गोळी घेऊन, वेळ बघून बाहेर आली होती. "यांचं पत्र आलंय. माज्या नावावर."

त्या घरात सुनेच्या नावावर आलेलं ते पहिलं पत्र. मला पत्ताच नव्हता. सांगलीत, मी औषधाच्या दुकानात होते तेवढ्यात, तिने पोस्टकार्ड घेऊन आपल्या हाताने नवऱ्याला लिहिलं होतं. माझ्याकडून लिहवून घेतलं नव्हतं.

सवयीने मी पुढे होऊन वाचायला हात केला. तिने पाकीट छातीशी धरलं. "न्हाई आक्का. म्या वाचती."

अडखळत, बोट ठेवून, तिने वाचलं. दिरांनी लिहिलं होतं की फौजेच्या दवाखान्यात विचारलं आहे, हा आजार तिथल्या डॉक्टरांना माहीत आहे, तिथे तुझ्यावर उपचार होतील, मी पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतो. तोवर घरच्यांनी तुला कुठेही पाठवू नये. आईला साष्टांग नमस्कार.

तिच्या वडिलांनी पटका डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. आत्याबाई पत्राकडे हात करून म्हणाल्या, "इकडं आण." वाचता येत नसताना त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून अक्षर न्याहाळलं, खरंच लेकाचं आहे का ते. मग परत दिलं.

"गोळी कवा घेतलीस?"

"आर्दा तास झाला असंल."

"मग हुबी का ऱ्हायलीस? बस जेवाया." आणि तुमच्या आजोबांना म्हणाल्या, "तू थांब जरा."

मी ताट वाढलं. गरम भाकरी, वांग्याची भाजी, दूध. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, तशी आत्याबाईंनी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि स्वतः समोर बसकण मारली.

"हिकडं तोंड कर. खरंच गिळतीस का न्हाई, मला बगू दे."

धाकटीने पदर मागे सारला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत पहिला घास घेतला.